महिन्याची एक नोंद

चाचा कुठलाही कागद खालून वाचायचे. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, खोकल्याच्या औषधाची बाटली असो, नजर आधी तळाशी जायची. सही कुणाची, तारीख कोणती, शिक्का आहे का. तिथलं पटलं तरच ते हळूहळू वर चढायचे. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला गेले तेव्हा भाडेकरार त्यांनीच हाताने लिहिला होता, आणि सहीआधी तोही त्यांनी तळापासून वाचून काढला. मी म्हणाले, "चाचा, तुम्हीच तर लिहिलाय." त्यावर म्हणाले, "म्हणून तर बघून राहिलो. मॅडम, मी लिवलेल्यावर मीच भरवसा ठेवला तर तपासणार कोण?"

हे लातूरचं. मी तिथे एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे जास्तीची खोली होती त्याने तिच्यात चार लोखंडी खाटा टाकून विद्यार्थी ठेवले होते. चाचांनी ठेवले नाहीत. चार खाटांचं भाडं माझ्या भाड्याच्या तिप्पट आलं असतं, हे त्यांना मी स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "पोरं कागदाचे विमानं करतात." एवढंच कारण. घरात ते एकटेच असायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादला दिलेली, ती शुक्रवारी फोन करायची.

त्यांचा धंदा आता सांगितला तर नव्या लोकांना गंमत वाटते. ते जुने उर्दू कागद वाचून द्यायचे. आमच्याकडे निजामाच्या काळातले वाटणीचे, खरेदीचे, शेताच्या बांधाचे कागद उर्दूत आहेत, आणि ज्यांच्या ट्रंकेत ते पडलेत त्यांना त्यातलं एक अक्षर लागत नाही. निलंगा, उदगीर, कुठून कुठून माणसं ती पिवळी पुडकी घेऊन यायची. चाचा ओसरीत टेबल टाकून बसायचे, कागद खालून वाचायचे आणि मग मराठीत उतरवून द्यायचे, खाली कार्बन ठेवून. त्यांच्या हातून कार्बनशिवाय काही लिहिलंच जात नसे. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर" लिहून ठेवायचे, तर त्याचीही एक निळी प्रत घरात राहायची.

धंद्याचे त्यांचे दोन नियम होते आणि दोन्ही धंद्याच्या मुळावर उठणारे होते. पहिला असा, की कागदात गिऱ्हाइकासाठी वाईट बातमी निघाली तर पैसे घ्यायचे नाहीत. दुसरा, ज्याचा कागद त्यानेच यायचं. एकदा एक पोरगा जीप घेऊन आला, वडिलांच्या नावचा कागद घेऊन. चाचांनी विचारलं, "वडील हायत का?" तो म्हणाला, "हायत की, घरी. त्यान्ला चालता येत न्हाई." चाचांनी टोपी घातली, चष्म्याची डबी खिशात टाकली आणि जाऊन जीपमध्ये बसले. वीस कोसांवरच्या गावी जाऊन त्या म्हाताऱ्याच्या बाजेशी बसून त्यांनी तो कागद वाचला. जमीन निघाली आत्याच्या नावची. मग पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, आणि पोराने काही त्यांना जीपने परत सोडलं नाही. चाचा संध्याकाळी एसटीने धूळ झाडत आले. मी हसत होते, तर म्हणाले, "हसू नका मॅडम. त्या म्हाताऱ्याला खरं कळलं ना. त्याच्या नावचं खरं दुसऱ्याला आधी कळायला नको होतं."

तर असा हा माणूस. आणि माझी अडचण नेमकी त्यांच्या वाटेवरची होती.

माझी आई धर्माबादला भावाकडे राहायची. भाऊ वाईट नव्हता, पण घर दोन खोल्यांचं, आणि आईचं अंथरूण स्वयंपाकघरात पडायचं. सकाळी वहिनीला चहा टाकायचा असला की आई उठून बसायची, झोप झालेली असो नसो. मी दर वेळी बघून यायचे आणि परतीच्या बसमध्ये चडफडत बसायचे. आमच्या क्लासची नांदेडला शाखा होती, तिथे बदली मिळत होती. नांदेडला गावाबाहेरच्या एका नव्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता. बिल्डरने माझ्याकडून विसार घेतला आणि दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. राहिलं होतं फक्त गृहकर्ज. ते बँकेने नाकारलं. काउंटरवरची बाई हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचा स्कोअर लई खाली गेलाय." शेजारी माझा एक जुना विद्यार्थी पासबुक भरत उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या क्लासच्या रस्त्यावर एका मोबाईलच्या दुकानावर "क्रेडिट स्कोअर दुरुस्ती" अशी पाटी होती. वर टाय लावलेला एक पोरगा बसायचा. त्याने माझ्याकडून पॅनकार्ड घेतलं, संगणकात काहीतरी पाहिलं, जीभ टाळूला लावून च्च् केलं आणि म्हणाला, "होऊन जाईल. पंधरा दिवसांत साडेसातशे." त्याची फी माझ्या निम्म्या पगाराएवढी होती, तीही आगाऊ. मी कबूल झाले. मला रांगेत उभं राहायचा, अर्ज करायचा भयंकर कंटाळा. कुणी परस्पर करून देत असेल तर दोन पैसे जास्त गेलेले परवडले, असा माझा तेव्हाचा हिशेब होता. त्याला फक्त राहण्याचा पुरावा म्हणून भाड्याची पावती हवी होती. ती मागायला मी खाली गेले.

चाचांनी विचारलं, कशासाठी. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्याबद्दल कागद हाय?"

"हो. आपण कर्ज कसं फेडलं त्याचा रिपोर्ट असतो, त्यावरून स्कोअर ठरतो."

"त्या टायवाल्यानं बघितला?"

"हो."

"आन् तुम्ही?"

मी नव्हता बघितला. मला तो बघता येतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

चाचांनी चष्मा काढला. "शिकलेल्या बाई हाव तुम्ही," ते म्हणाले. "पोरांना शिकवून राहिले. तुमच्या नावचा कागद परक्या माणसानं वाचला आन् तुम्हाला त्यात काय लिवलंय ठावूक न्हाई." पावती त्यांनी दिली नाही. म्हणाले, आधी कागद आणा.

मी तणतणत वर गेले. पण टोचलं होतं. फोनवर शोधलं, तर कळलं की आपला रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, आपलं नाव, जन्मतारीख, पॅन टाकलं की झालं. दहा मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. अकरा पानं. चाचांनी ती घेतली आणि अर्थातच अकरावं पान आधी काढलं.

इंग्रजी त्यांना अडखळत यायचं. म्हणून मी वाचायचं, मराठी सांगायचं, आणि त्यांनी पट्टी ठेवून ओळीवर बोट चालवायचं, असे चार रविवार गेले. मला दर ओळीला वाटायचं की हे पुढे सरकू या. ते सरकू द्यायचे नाहीत. माझा पत्ता चुकीचा होता, तो त्यांना सापडला. वडिलांच्या नावात एक अक्षर कमी होतं, तेही. आणि मग सापडले खरे दोन डाग.

पहिला माझ्या स्कूटीच्या कर्जाचा. मधे क्लास बंद पडले होते तेव्हा पगार थांबले आणि हप्ते राहिले. मग वसुलीवाल्याचा फोन आला. त्याच्याशी मी घासाघीस केली. अर्ध्यावर आणलं, भरून टाकलं आणि त्या संध्याकाळी आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले, की बघा, मी कंपनीला कशी वाकवली. रिपोर्टात त्या कर्जापुढे लिहिलं होतं की तडजोडीने मिटवलं, रक्कम पूर्ण आली नाही. स्कोअर सगळ्यात जास्त तिथे कोसळला होता. ज्या गोष्टीचे पेढे वाटले तीच नडली. चाचांना हसू आवरेना. "मॅडम, तुम्ही कर्ज फेडलं का मेथीची जुडी घेतली?"

दुसरा डाग मात्र माझा नव्हताच. पुण्याच्या कुठल्याशा छोट्या कंपनीचं वैयक्तिक कर्ज माझ्या नावावर दिसत होतं आणि ते थकलेलं होतं. मी पुण्यात कधी एक रात्रही राहिले नव्हते. मी भडकले. म्हणाले, "चाचा, आजच तक्रार करते. हे काढलं की स्कोअर वर येतो."

"न्हाई," चाचा म्हणाले. "आधी स्कूटीचं."

"का?"

"ते तुमचं हाय म्हणून. आधी आपली चूक नीट करावी. मग दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवावं. न्हाई तर हात थरथरतो."

मी म्हणाले हात-बित काही थरथरत नाही, मला दिवाळीआधी घर पाहिजे, आई तिकडे स्वयंपाकघरात झोपते, तुम्हाला काय जातंय असली तत्त्वं सांगायला. आणखीही बरंच बोलले. माझी जीभ तेव्हा फार तिखट होती, अजूनही आहे. शेवटी मी म्हणाले, की मी घर सोडून जाऊ नये म्हणून तुम्ही उशीर करताय. हे बोलायला नको होतं. चाचा उठून आत गेले. आठ दिवस आम्ही बोललो नाही. जिन्यात समोर आले की ते भिंतीकडे बघायचे आणि मी पायऱ्या मोजायचे.

नवव्या दिवशी चाचांना कामापुरतं सांगून मी स्कूटीच्या कंपनीच्या ऑफिसात गेले. सोडून दिलेली उरलेली रक्कम मला भरायची आहे म्हणाले. तिथल्या माणसाला आधी कळेनाच. लोक कमी करायला येतात, ही वाढवायला आली. टायवाल्यासाठी काढून ठेवलेले पैसे होते, त्यात दोन महिने संध्याकाळच्या जादा बॅचचे पैसे घातले आणि भरून टाकले. काही बाकी नाही, असं पत्र मिळवायला तीन खेपा झाल्या. ते पत्र घेऊन ओसरीत गेले आणि चाचांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी तळ बघितला. सही, शिक्का, तारीख. मग वर बघून म्हणाले, "चाय पिणार का, बेटा?" त्या दिवसापासून मी मॅडमची बेटा झाले, आणि अहोजाहो गेलं.

पुण्याच्या कर्जाची तक्रार मी रिपोर्ट काढणाऱ्या संस्थेकडे ऑनलाइन केली. त्याचेही पैसे पडत नाहीत. महिनाभरात उत्तर आलं, की कंपनी म्हणते नोंद बरोबर आहे. मी पार खचले. चाचांनी विचारलं, "त्यांच्याकडं कागद काय हाय? सही कुणाची हाय? कुणी बघितली?" कुणीच नव्हती बघितली. मग मी कंपनीला लिहिलं, की ज्या अर्जावर तुम्ही कर्ज दिलं त्याची प्रत द्या. अर्ज मी सहा वेळा लिहिला. चाचा सांगायचे नाहीत, फक्त वाचून परत द्यायचे. "हे रडगाणं झालं, मागणं कुठं हाय?" "इथं धमकी देऊन राहिली, कशापायी?" सहाव्या वेळी काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक होता. प्रत आली. माझंच नाव, माझीच जन्मतारीख, पण वडिलांचं नाव दुसरं, आणि फोटोत एक गोल चेहऱ्याची, कपाळावर मोठं कुंकू लावलेली अनोळखी बाई. मी फोटो बघून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. चाचा मात्र गंभीर होते. म्हणाले, "हिला बी कुणीतरी सांगायला पाहिजे, की तुझं कर्ज दुसरीच्या नावावर चढलंय." दुसऱ्या तक्रारीला ती प्रत जोडली आणि नोंद निघाली.

स्कोअर काही साडेसातशे झाला नाही. सरकत सरकत वर आला, बँकेला चालेल इतपत. श्रावण संपत आला होता. बँकेने पुन्हा अर्ज घेतला आणि चौकशीला माणूस पाठवला.

हा माणूस सकाळी अकराला आला, आणि अकराला चाचा चहा प्यायचे. चहा होईपर्यंत ते कुणाशी बोलत नसत, खुद्द मुलीशीसुद्धा नाही. बँकेचा माणूस हेल्मेट हातात घेऊन दारात उभा. चाचांनी बशीतला शेवटचा घोट संपवला, मिशी पुसली, त्याचं ओळखपत्र मागितलं आणि नंबर उतरवून घेतला. मग फॉर्म खालून वाचला. तळाशी एक चौकट होती, घरमालकाचा अभिप्राय. तो माणूस म्हणाला, "चाचा, चांगल्या आहेत असं मीच लिहितो, तुम्ही फक्त सही करा." चाचांनी फॉर्म आपल्याकडे ओढला, खाली कार्बन सरकवला आणि लिहायला बसले. मी जिन्यावरून बघत होते. थोड्या वेळाने तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, असं कुणी लिहीत नसतं हो."

चाचांनी लिहिलं होतं: "भाडे वेळेवर. स्वभाव तापट. खोटे बोलत नाहीत. गेल्या तर घरमालकाचे नुकसान आहे. तरी कर्ज द्यावे."

मी तो फॉर्म हातात घेऊन उभी राहिले. आठ दिवसांच्या अबोल्याआधी मी काय बोलले होते ते आठवलं आणि फार लाज वाटली. कर्ज मंजूर झालं.

चाचा जाऊन आता दीड वर्ष होईल. नांदेडला माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी असताना मला त्या भाड्याच्या माडीची आठवण येते, हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पण येते. खालून त्यांच्या कार्बन कागदाचा सरसर आवाज यायचा. मी पेपर तपासत बसलेली असायचे आणि मला माहीत असायचं की खाली कुणीतरी माणूस जागेवर आहे. एवढंच होतं, पण ते आता नाही.

लातूर सोडायच्या आधी माझ्या मनात आलं की चाचांसाठी काहीतरी करावं. ते काही घेत नसत. मग मीच म्हणाले, "चाचा, तुमचा रिपोर्ट काढून देऊ का? फुकट असतो." त्यांना बघायचाच होता, ते मला दिसत होतं. त्यांनी स्वतः फोनवर एकेक अक्षर दाबून माहिती भरली, मला हात लावू दिला नाही. मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. एकच पान होतं. तळाशी लिहिलं होतं, की या व्यक्तीची कोणतीही पतमाहिती उपलब्ध नाही.

चाचांनी दोनदा वाचायला लावलं. "म्हंजे मी न्हाई?"

"तसं नाही हो चाचा. तुम्ही कधी कर्ज घेतलंच नाही, म्हणून नोंद नाही."

"त्र्याहत्तर वर्षं कुणाचं काही ठेवलं न्हाई," ते म्हणाले. "ते कुठंच लिवलेलं न्हाई?"

"नाही."

त्या दिवशी त्यांनी ओसरीत टेबल टाकलं नाही. आयुष्यभर ज्याने कागदाला मान दिला, त्याला कागदाने साधी ओळख दाखवली नाही. मी स्वतःलाच शिव्या घालत होते, की कशाला उठाठेव केली. उदगीरहून आलेलं एक गिऱ्हाईक परत गेलं. दुसऱ्या दिवशी मात्र चाचांनी मला खालून हाक मारली. "बेटा, सगळ्यात ल्हान कर्ज कोणतं असतं?"

बँक म्हणाली, या वयात क्रेडिट कार्ड मिळणार नाही. मग थोडे पैसे ठेव म्हणून ठेवले आणि त्या ठेवीवर एक छोटं कार्ड मिळालं. अटींची बारा पानं चाचांनी बँकेतच बसून वाचली, खालून. शिपाई शटर ओढायला आला तेव्हा ते चौथ्या पानावर होते. मी त्यांना समजावलं, की दर महिन्याला कार्डावर एखादी छोटी वस्तू घ्यायची आणि तारखेच्या आत पैसे भरून टाकायचे; सहा-आठ महिन्यांत रिपोर्टात तुम्ही दिसाल. त्यांनी कार्ड हातरुमालात गुंडाळून ठेवलं. काही घेईनात. विचारलं तर म्हणाले, "मला लागतच न्हाई काही. काय घेऊ?"

दसऱ्याला मी आईला घेऊन नांदेडला राहायला आले. निघताना चाचा टेम्पोपर्यंत आले आणि सामानाच्या यादीवर माझी सही घेतली.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी साडेदहाला दाराची बेल वाजली. चाचा उभे, टोपी घालून, हातात डाळिंबाची पिशवी. म्हणाले, "महिन्याला कार्डावर काहीतरी चढवावं लागतं. फोनवरून नांदेडचं तिकीट काढलं, अर्धं. काढलंच हाय तर म्हटलं बसावं गाडीत." आईशी त्यांची पहिलीच भेट. आईने त्यांना भाऊ म्हटलं आणि पिठलं टाकलं. ते दोनच्या गाडीने परत गेले. जाताना मला बजावलं, "हे रिपोर्टासाठी हाय."

त्यानंतर दर महिन्याचा पहिला रविवार चाचांचा. साडेतीन तास यायला, साडेतीन तास जायला, दोन-तीन तास आमच्याकडे. आईला ते एखाद्या जुन्या कागदातली भांडणं सांगायचे, नावं न घेता. माझे बँकेचे हप्त्याचे कागद तपासायचे, अर्थात तळापासून. मी म्हणायचे, चाचा, चौकातला साबण घेतला तरी नोंद होते हो. ते म्हणायचे, "साबण लई दिवस पुरतो." आठव्या महिन्यात ते छापील रिपोर्ट घेऊनच आले आणि आईसमोर ठेवला. त्यात आकडा होता, आणि तो माझ्या आकड्यापेक्षा बराच वर होता. "बघा," ते म्हणाले, "आता मी हाय." आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुम्ही आधीपासनंच होतात की भाऊ." कागदाची घडी करताना चाचांना बराच वेळ लागला.

असं दोन वर्षं चाललं. मग त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. पंच्याहत्तरीनंतर एसटीला तिकीट पडत नाही. माझ्या ध्यानातही नव्हतं. त्या महिन्यात पहिला रविवार आला, साडेदहा वाजले, अकरा वाजले, चाचा नाहीत. आई दोनदा खिडकीशी जाऊन आली. मी तिच्यावर उगाच खेकसले. साडेअकराला बेल वाजली. चाचा दारात उभे होते, चप्पल न काढता.

"आज पैसे न्हाई लागले," ते म्हणाले. "कंडक्टरनं आधार बघितलं आन् फुकट तिकीट दिलं. कार्डावर काही चढलं न्हाई."

"मग?" मी म्हणाले. वाट बघून माझं डोकं फिरलेलं होतं.

"मग काही न्हाई. तसं बघितलं तर आज यायला कारण न्हाई. स्टँडवर उतरलो आन् घंटाभर बाकड्यावर बसून राहिलो. परतीची गाडी लागली होती." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मग म्हटलं, एवढं आलोच हाय तर सांगून टाकावं. बेटा, मी रिपोर्टासाठी कधीच येत नव्हतो. घर लई सुनं लागतं. तुला बघायला यायचो."

हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. आईलाही माहीत होतं. पण त्यांनी ते दारात उभं राहून तोंडाने सांगितलं. मला सांगायचं होतं, की चाचा, मीही महिनाभर याच रविवारची वाट बघते, डाळ शिजवताना बघते, वर्गात शिकवताना बघते. मी म्हणाले, "चप्पल काढा, आत या. जेवण गार होतंय."

त्यानंतर चाचा आणखी तीन वेळा आले. तिन्ही वेळा आम्ही चांगले दोन-तीन तास समोरासमोर बसलो होतो. मला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.